कुपवाडची कॅसेट

सांगली आणि मिरज ही दोन नावं तुम्ही नक्की ऐकली असतील. सांगलीची हळद, सांगलीचा गणपती. मिरजेच्या सतारी, मिरजेचं जंक्शन. पण या दोन थोरल्या बहिणींच्या जरा मागे, अंग चोरून, तिसरी एक बहीण उभी आहे. तिचं नाव कुपवाड. ९ फेब्रुवारी १९९८ रोजी तिन्ही गावांची मिळून एक महानगरपालिका झाली आणि पाटीवर तिसरं का होईना, पण आमच्या गावाचं नाव आलं. बाहेरचे लोक मात्र अजूनही 'सांगली-मिरज' एवढं म्हणून थांबतात. आम्हा कुपवाडकरांना याचा राग येतो, पण तो आम्ही गिळतो. चहाबरोबर.

गावाची दोन रूपं आहेत. एका बाजूला जुनं गावठाण, तिथले अरुंद बोळ, देवळापुढचा कट्टा. दुसऱ्या बाजूला एमआयडीसी. पत्र्याची लांबच लांब छपरं, लेथ मशीनची घरघर, पाळी सुटली की सायकलींची आणि आता मोटारसायकलींची रांग. आमचं लहानपण या दोन्हींच्या मधल्या मैदानावर गेलं. त्या मैदानाची माती अशी, की संचलनाचा सराव करून घरी गेलं की आई दारातच थांबवायची आणि आधी पाय धुवायला लावायची.

मी आता पुण्यात राहतो. जानेवारीच्या सुरुवातीला एका संध्याकाळी फोन वाजला. पलीकडून ओळखीचा, जरा थकलेला आवाज आला.

"अरे, तुझा ढोल सापडला!"

मला काही कळेना. माझा ढोल? माझ्याकडे कधी ढोल नव्हताच. एक होता, तो शाळेचा, आणि तो तर माझ्याकडून काढून घेतला होता. त्याला तीस वर्षं होत आली.

"सर, कुठला ढोल?"

"तू ये की. आल्यावर सांगतो. धाकटीलाही घेऊन ये."

आणि म्हणून त्या शनिवारी मी आणि माझी सातवीतली मुलगी रेल्वेने मिरजेला उतरलो आणि रिक्षाने कुपवाडला निघालो. रिक्षा एमआयडीसीच्या रस्त्याला लागली तशी मी तिला ती गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

साल १९९५. मी आठवीत होतो. प्रजासत्ताक दिनाच्या आधी आसपासच्या शाळांची संचलनाची स्पर्धा होती. आमच्या पथकापुढे चार जणांचा बँड चालायचा. दोन लहान ड्रम, एक बिगूल आणि एक मोठा ढोल. मोठा ढोल माझ्याकडे. डावं पाऊल जमिनीवर पडतं त्या क्षणाला ढोल वाजला पाहिजे, हा नियम. म्हणजे पथक माझ्या ठोक्यावर चालायचं. मी घाई केली तर चाळीस मुलं घाई करणार.

सैन्यात तेज चालीला मिनिटाला १२० पावलं टाकतात आणि एक पाऊल ३० इंचांचं. गुणाकार करून बघा. मिनिटाला बरोबर ३०० फूट! आमची पावलं काही तीस इंचांची नव्हती, पण १२० चा आकडा मात्र स्पर्धेच्या नियमात होता. १२० पावलं म्हणजे ६० डावी, म्हणजे माझे मिनिटाला ६० ठोके. सेकंदाला एक. सोपं वाटतं ना? खांद्याला ढोल अडकवून, शेकडो लोक बघत असताना करून पाहा.

सर त्या स्पर्धेचे परीक्षक होते. ते दुसऱ्या शाळेत शिकवायचे, पण राहायचे आमच्या शेजारच्या गल्लीत. परीक्षण करण्याची त्यांची एक खास पद्धत होती. इतर परीक्षक कागदावर गुण लिहायचे. सर म्हणायचे, "लिहायला मान खाली घातली की तेवढ्यात चार पावलं निघून जातात. आणि चूक नेमकी त्या चार पावलांत होते." म्हणून ते गळ्यात एक छोटा टेपरेकॉर्डर अडकवायचे आणि पथकाच्या बाजूने चालत चालत बोलायचे. "तिसरी रांग, उजवीकडून दुसरा, हात कोपरात वाकतोय... वळताना आतली मुलं थांबली नाहीत... दहिने देख छान, माना एकदम वळल्या..." मागे ढोल वाजत असायचा, त्यामुळे कुठलं वाक्य कुठल्या पावलाला बोललं ते नंतर कळायचं. संध्याकाळी घरच्या मोठ्या डेकवर कॅसेट ऐकायची, मनगटावरचं घड्याळ समोर ठेवून ठोके मोजायचे आणि मग गुण द्यायचे. स्पर्धा झाली की तीच कॅसेट शाळाशाळांतून फिरायची. सगळं पथक वर्गात जमिनीवर बसून आपापल्या चुका ऐकायचं. नाव कुणाचं घेतलेलं नसायचं, पण 'तिसरी रांग, उजवीकडून दुसरा' म्हटलं की चाळीस माना एकाच्याच दिशेला वळायच्या.

त्या वर्षी आमचं पथक सगळ्यात शेवटी आलं. ओळी सरळ, वळणं झकास. आम्ही पहिला नंबर धरूनच चाललो होतो. निकाल दुसऱ्या दिवशी लागला. दुसरा नंबर. कॅसेट आमच्या वर्गात आली तेव्हा शेवटी सरांचा आवाज होता, घरी मोजल्यानंतर भरलेला. "या पथकाचे दोन मिनिटांत १२७ ठोके. म्हणजे मिनिटाला १२७ पावलं. ढोल वाजवणाऱ्याने घाई केली."

वर्गात कुणी काही बोललं नाही. चाळीस माना वळल्या, एवढंच. पुढच्या वर्षी ढोल दुसऱ्याला मिळाला आणि मला शेवटच्या रांगेत जागा मिळाली. मी घाई केली नव्हती, असं मला वाटत होतं. पण टेपमध्ये होतं ना! टेप कशी खोटी बोलेल?

"मग खरंच केली होतीस का घाई?" मुलीने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. आणि तोवर रिक्षा सरांच्या दारात आली.

सर आता ऐंशीच्या घरात आहेत. पण बसतात ते अजून 'सावधान'मध्येच. पाय जुळवून, पाठ ताठ. समोरच्या टेबलावर कॅसेटचा ढीग होता. बाजूला एक जुना टेपरेकॉर्डर, त्यातून निघालेली वायर आणि त्या वायरीच्या टोकाला नातवाचा लॅपटॉप. सरांच्या नातवाने सुट्टीत जुन्या कॅसेटींचं डिजिटल रेकॉर्डिंग करायला घेतलं होतं. माझ्या मुलीने एक कॅसेट उचलून उलटीपालटी केली. तिने ही वस्तू हातात पहिल्यांदाच धरली होती. तिच्या दोन भोकांपैकी एकात पेन्सिल घालून सुटलेली फीत गुंडाळायची असते हे मी तिला दाखवलं, तर तिला वाटलं मी गंमत करतोय.

या कॅसेटचाही एक जन्मदिवस आहे बरं का. नेदरलँड्सच्या फिलिप्स कंपनीत लू ओटेन्स नावाचे इंजिनियर होते. त्या काळी टेपरेकॉर्डर म्हणजे मोठमोठी चाकं असलेलं धूड. ओटेन्स यांनी लाकडाचा एक ठोकळा करून घेतला, कोटाच्या खिशात मावेल एवढा, आणि यंत्र एवढंच हवं असं ठरवून टाकलं. १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात त्यांची कॅसेट लोकांनी पहिल्यांदा पाहिली. हेच ओटेन्स पुढे सीडी तयार करण्याच्या कामातही होते. म्हणजे कॅसेट आणणारा आणि कॅसेटला घरी पाठवणारा, दोन्हींत तोच माणूस! २०२१ मध्ये ते वारले.

"ऐक," सर म्हणाले, आणि नातवाने बटण दाबलं.

आधी बाईंची पेटी ऐकू आली. मग ईशस्तवन. स्पर्धेच्या सुरुवातीचं. माझ्या अंगावर काटा आला. त्यानंतर नातवाने एकदम कॅसेटच्या शेवटाकडचा भाग लावला. आमचं संचलन संपलं होतं, सर टेप बंद करायचं विसरले होते आणि मागे समारोपाचं समूहगीत सुरू झालं होतं. पुन्हा तीच पेटी, त्याच बाई.

"काही कळलं?"

मला काही कळलं नाही. पण मुलगी गाणं शिकते. ती म्हणाली, "दुसरं गाणं वरच्या पट्टीत आहे. पहिलं काळी एक, दुसरं पांढरी दोन."

सर हसले. "आता मला सांग, बाई पेटी कुठल्या पट्टीत वाजवायच्या?"

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला! आमच्या बाईंना फक्त काळी एक यायची. दुसऱ्या कुठल्याही पट्टीत त्यांना पेटी वाजवताच येत नसे. सगळ्या शाळेला ते ठाऊक होतं. लहान मुलांचा गळा वर जाऊ दे नाहीतर खाली, बाईंची काळी एक काही हलायची नाही. मग ती पांढरी दोन झाली कशी?

सर म्हणाले, "मला वाटतंय ते बरोबर आहे का, हे एका जाणत्या माणसाला विचारू या. मिरजेला जाऊ."

कुपवाडहून मिरज म्हणजे अगदी हाकेच्या अंतरावर. मिरजेत वाद्यं बनवणाऱ्यांची गल्ली आहे. पूर्वी तिथले शिकलगार तलवारी आणि हत्यारांना धार लावायचे. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, तेच हात सतारी आणि तंबोरे बनवू लागले. दुकानांत छताला मोठाले भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, कोपऱ्यात कुणीतरी तार जुळवत बसलेलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे 'मिरजेची सतार' हे नाव आता कुणीही उठून लावू शकत नाही. जवळच ख्वाजा शमना मीरा यांचा दर्गा आहे आणि त्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. अजून उरुसात गवई तिथे येऊन गातात. अशा गावात सुराबद्दल विचारायला जायचं म्हणजे समुद्रावर पाणी विचारायला जाणं.

पेटी दुरुस्त करणारे एक चाचा सरांच्या ओळखीचे. फोनवर दोन्ही तुकडे त्यांना ऐकवले. त्यांनी डोळे मिटले, समोरच्या पेटीवर एक पट्टी दाबली, मग दुसरी.

"पेटी एकच हाय," ते म्हणाले.

"कशावरून?"

"तिच्या पंचमात घरघर हाय. दोन्ही गाण्यांत हाय. पण सर, पेटी अर्ध्या तासात एक पट्टी वर चढत न्हाई. एखादा सूर उतरंल, एखादा बसंल. समदे सूर मिळून सारखेच वर जायचे, हे पेटीचं काम न्हवं. हे तुमच्या मशिनीचं काम."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना हेच ऐकायचं होतं, आणि बहुतेक ऐकायचं नव्हतंही.

आता मशिनीचं काम काय ते बघू या. कॅसेटची फीत म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्यावर लोखंडाच्या ऑक्साइडचा थर. म्हणून ती तपकिरी. ही फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर या वेगाने सरकली पाहिजे. मिनिटाला तीन मीटरला थोडी कमी. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला साधारण ८६ मीटर फीत संपते. ती सरकवते एक चिमुकली मोटर, आणि मोटरला ताकद देतात सेल. त्या दिवशी सरांचा टेपरेकॉर्डर सकाळपासून सुरू होता. शेवटचं पथक आलं तेव्हा सेल उतरले होते. मोटर दमली. फीत सेकंदाला ४.७६ ऐवजी साडेचार सेंटीमीटर सरकू लागली. म्हणजे एका सेकंदाचा आवाज कमी जागेत दाटून बसला. मग सरांनी घरी तीच कॅसेट विजेवर चालणाऱ्या डेकवर लावली. तिथे मोटर ताजीतवानी. दाटून बसलेला आवाज तिने भरभर ओढला. त्यामुळे सूर चढला, ठोके जवळ आले आणि माझी घाई झाली!

गंमत म्हणजे, ती कॅसेट त्याच दमलेल्या यंत्रावर लगेच ऐकली असती तर सगळं बरोबर वाटलं असतं. उतरलेल्या सेलने भरलेलं उतरलेल्या सेलनेच ऐकलं, की चूक चुकीत लपते.

"माझा स्वतःचा आवाज चिरका येत होता रे," सर म्हणाले. "मला वाटलं, दिवसभर ओरडून घसा बसलाय म्हणून तसा येतोय. बसलेला घसा कधी चिरका होतो का? पण तेव्हा सुचलं नाही."

परत कुपवाडला आल्यावर मुलीने आणि सरांच्या नातवाने लॅपटॉपवर हिशेब मांडला. एका पट्टीने सूर चढतो म्हणजे वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढतो. त्यांनी समूहगीत एवढं हळू केलं की बाईंची पेटी पुन्हा काळी एकवर आली. मग तेवढंच हळू करून आमचं संचलन लावलं आणि ठोके मोजले. १२७ चे किती झाले असतील? तुम्हीच कागदावर करा, १२७ भागिले १.०६.

१२०.

मी उठून खिडकीपाशी गेलो. बाहेर काही बघण्यासारखं नव्हतं. समोरच्या घरावरचं पाण्याचं टाकं होतं, तेच बराच वेळ बघितलं.

सरांनी एका चिठ्ठीवर पेनाने लिहिलं, 'सेल उतरलेले होते. १२० धरावे.' खाली सही केली, तारीख घातली आणि चिठ्ठी कॅसेटच्या डबीत ठेवली. निकालाची वही आता कुठे असेल कोण जाणे. आणि पहिला नंबर आलेलं ते मुलींचं पथक खरोखरच चांगलं होतं. त्यांच्याकडे जाऊन 'ढाल परत द्या' असं थोडंच म्हणायचं?

सरांनी २००६ साली कॅसेट सोडली. पुतण्याने त्यांना हाताच्या बोटाएवढा डिजिटल रेकॉर्डर आणून दिला. त्यात फीत नाही, सरकणारं काही नाही. आवाज तो आकड्यांत लिहून ठेवतो. सीडीसाठी एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाज मोजतात, आणि किती वेळा मोजायचं हे ठरवतो क्वार्ट्‌झचा एक छोटा स्फटिक, मनगटी घड्याळात असतो त्याच्याच जातीचा. सेल उतरले म्हणून तो हळू मोजत नाही. अगदीच उतरले तर यंत्र गप्प बसतं. प्रत्येक पथकाची फाईल वेगळी, त्यामुळे चौथं पथक ऐकायला पहिली तीन पुढे पळवत बसावी लागत नाहीत. आता तर सर फोनवरच बोलतात आणि संध्याकाळच्या आत रेकॉर्डिंग प्रत्येक शाळेला पोचतं.

हे सगळं फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत बँडच्या संचलनाच्या मोठ्या स्पर्धा असतात. 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' ही त्यांची संस्था १९७२ पासून आहे. तिथेही परीक्षक टेपमध्ये बोलत आणि त्या कॅसेटी पथकाच्या शिक्षकांना देत. पुढे तिथेही कॅसेट जाऊन डिजिटल रेकॉर्डिंग आलं. पण अजून लोक त्याला 'परीक्षकांची टेप'च म्हणतात. मी सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे त्यांनापण सुचलं होतं तर!" जणू कुपवाडचीच कल्पना अमेरिकेत गेली.

डिजिटलचं मी एवढं कौतुक केलं, तर सरांनी मला थांबवलं. २०११ सालच्या स्पर्धेचं सगळंच्या सगळं रेकॉर्डिंग त्यांच्या अंगठ्याने एका दाबात पुसलं गेलं होतं. कॅसेटचं तसं नव्हतं. तिच्या वरच्या कडेला दोन इवलेसे चौकोनी तुकडे असतात. ते तोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. सरांनी प्रत्येक स्पर्धेनंतर ते तोडले होते. म्हणून तर माझा ढोल तीस वर्षं टिकला.

"आणि दुसरं सांगू का," ते म्हणाले, "पूर्वी चाळीस पोरं एकत्र बसून ऐकायची. आता जो तो घरी आईच्या फोनवर ऐकतो. स्वतःचं तेवढं ऐकतो आणि बंद करतो. शेजारच्याचं काय चुकलं ते त्याला कळत नाही, आणि कळल्याशिवाय ओळ सरळ कशी राहणार?" यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. माझ्या मुलीला सुचलं. ती म्हणाली, "आजोबा, मग वर्गात स्पीकरवर लावा की!" सरांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तिला आणखी एक लाडू मिळाला.

संध्याकाळी आम्ही मैदानावर गेलो. एका शाळेचा सराव चालला होता. सर तिथे अजून जातात. त्यांची एक नवी सवय मला दिसली. रेकॉर्डिंग सुरू केल्याबरोबर ते खिशातून एक पिपाणी काढतात, पेटी-तंबोरा जुळवायला वापरतात तसली, आणि एकच सूर फुंकतात. शेवटी पुन्हा तोच सूर. फोनला त्याची काही गरज नाही, हे त्यांना नातवाने समजावलंय. ते ऐकत नाहीत.

सराव संपल्यावर सरांनी बँडच्या मुलाकडून ढोल मागून घेतला आणि माझ्या हातात दिला. पट्टा खांद्याला पुरेना, म्हणून तो सैल केला. मी म्हटलं, "सर, आता काय!" पण ते फोन धरून उभे राहिले होते, आणि त्यांच्यापुढे नाही म्हणायची सवय मला नाही. मी एक मिनिट ढोल वाजवला. मुलं गोळा झाली. दोघांनी तर माझ्या ठोक्यावर कदमताल सुरू केला.

मुलीने फोनमध्ये बघितलं, पुन्हा एकदा बघितलं आणि सरांच्या कानात काहीतरी सांगितलं. दोघंही हसू दाबत होते.

"किती?" मी विचारलं.

"बाबा," ती म्हणाली, "१३२."